सुटे भाग

वेल्सच्या त्या धक्क्यावर उतरलो
तेव्हा आमच्याकडे आठ विमानं होती
आणि पान्यांची एक पेटी, तीही अर्धी.

चाकं नव्हती त्यांना. पोटाखाली दोन लांब होड्या.
भरती-ओहोटीबरोबर ती वरखाली होत,
झोपलेल्या जनावराची कूस हलावी तशी.
गावातली पोरं विचारत, ही मासे खातात का?
मी म्हणे, पेट्रोल खातात.
आणि माणसं, हे मी डचमध्ये म्हणे.

पंखांवरचा नारिंगी त्रिकोण आम्हीच खरवडला,
त्या जागी ब्रिटिशांची वर्तुळं काढली.
नाकाशी तेवढा एक त्रिकोण ठेवला, तळहाताएवढा.
वैमानिक लूबर्ट मागे उभा राहून बघत होता.
म्हणाला, एवढासाच देश उरलाय,
ओघळ येऊ देऊ नकोस.

दिवसभर ती आयरिश समुद्रावर घिरट्या घालत,
जहाजांच्या कळपाभोवती, मेंढ्यांच्या कुत्र्यासारखी.
पाणबुडी क्वचित दिसे. दिसे ते तेल,
फळकुटं, उलटी टोपी,
एकदा संत्र्यांचा मैलभर लांब पट्टा,
आणि माणूस एकही नाही.

जुलैत दोन नंबर परतलं नाही.
ऑगस्टात पाच नंबर आलं,
उजव्या होडीला भोकं, आत गुडघाभर पाणी,
कलत कलत, तिघांनाही घेऊन.

सुटे भाग मागवा, साहेब म्हणाले.
कुठून?
कारखाना ॲमस्टरडॅममध्ये
आणि ॲमस्टरडॅम त्यांच्या ताब्यात.
तिथे अजून हीच विमानं बनत होती,
त्याच साच्यांवर, त्याच पाण्याकाठी,
शेपटीवरचं चिन्ह तेवढं वेगळं.
रिव्हेट ठोकणाऱ्यांत माझा थोरला भाऊ, वीबे.

मग आम्ही एकाला मारून दुसऱ्याला जगवू लागलो.
तीनचा पंप पाचला. सातची केबल एकला.
सात नंबर हळूहळू नुसता सांगाडा झालं,
त्याच्याकडे पाठ करून आम्ही जेवायचो.

पाचच्या होडीत शिरलो होतो,
उताणा, दातांत टॉर्च, कोपर हलवायला जागा नाही.
तिथे दिसलं:
ओळीतल्या शेवटच्या रिव्हेटशेजारी टोच्यानं मारलेलं टिंब.
वीबेची खोड. बापाचा मार खाऊनही न गेलेली.
बाहेरून कुणी ओरडलं, झालं का रे?
मी म्हणालो, नाही.
काम केव्हाच झालं होतं.

आता तिकडे तो कसं ठोकत असेल?
ढिलं ठोकलं तर भिंतीशी उभं करतील.
घट्ट ठोकलं तर...
मी देवाकडे एक दिवस हे मागे, एक दिवस ते.

ऑक्टोबरात उरलेली धक्क्यावर ओढली,
आता पंप नाही, केबल नाही, काही नाही.
धुलाईवाल्या प्रोसरबाईंनी विचारलं,
कोंबड्यांच्या पाण्यासाठी एखादा तुकडा मिळेल?
पाचच्या होडीचं टोक कापून दिलं.

पंचेचाळीसच्या जूनमध्ये घरी गेलो.
वीबेचा सदरा वीबेला मोठा झाला होता.
ताटात साखरबीट. मी जेवण संपायची वाटही पाहिली नाही.
तो हातांकडे बघत राहिला.
म्हणाला, पहिल्या आठवड्यात तीन ढिले ठोकले.
झोप लागेना. चौथ्या दिवशी जाऊन घट्ट केले.
का?
ताबा घ्यायला एक पोरगा आला होता,
मिसरूड नुकतं फुटलेला.
होडीवर थाप मारून म्हणाला, बुडत नाही ना ही?

मी दोन वर्षं त्याच्याशी बोललो नाही.

मग एका नाताळात प्रोसरबाईंचं पत्र आलं.
नवरा गेल्याचं, रेशनचं, गुडघ्याचं लिहून
खाली, समासात:
कोंबड्या बदलल्या. भांडं तेच आहे.
अजून थेंबभर गळत नाही.